गेथेनवरचं मराठी

विज्ञानकथा मी वाचायला लागले ती जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’पासून. मग वाचनालयातून निरंजन घाटे, बाळ फोंडके आणून फस्त केले. पुढे एम.ए.ला तौलनिक साहित्य घेतलं आणि हे वाचन जवळजवळ लपवायला लागले. वर्गातल्या चर्चेत त्याला जागा नव्हती. त्याच काळात उर्सुला ले ग्विन यांची १९६९ सालची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ हाती पडली आणि लपवण्याचं कारण उरलं नाही.

गेथेन हा बर्फाळ ग्रह. तिथली माणसं महिन्यातले बहुतेक दिवस बाईही नसतात आणि पुरुषही नसतात. मोजके दिवस यातलं काहीतरी एक होतात, पण काय होणार ते आधी ठरलेलं नसतं. एकच माणूस एका मुलाची आई आणि दुसऱ्याचा बाप असू शकतं. तिथे पृथ्वीवरचा दूत गेन्ली आय येतो. त्याला मदत करणाऱ्या एस्त्रावेनला तो फार उशिरा ओळखतो, कारण समोरच्यात तो सारखा बाई नाहीतर पुरुष शोधत राहतो.

माझं मत ठरलेलं होतं: कादंबरी थोर, दोष एकच. गेथेनच्या सगळ्या माणसांना ले ग्विन यांनी ‘ही’ हे इंग्रजी पुल्लिंगी सर्वनाम लावलं. १९७६च्या लेखात त्यांनी त्याचं समर्थन केलं, १९८७मध्ये ते मागे घेतलं. मधल्या काळात, १९७५च्या कथासंग्रहात, याच ग्रहावरच्या एका जुन्या कथेतली सर्वनामं त्यांनी स्त्रीलिंगी करून टाकली, राजाला मात्र राजाच ठेवलं. बंगालीत हा प्रश्नच आला नसता. तिथलं ‘शे’ दोघांनाही चालतं, क्रियापदही बदलत नाही. आणि आपल्याकडे तर नपुंसकलिंग आहे, असा माझा तोरा होता.

गेल्या वर्षी हौस म्हणून काही प्रकरणं मराठीत करायला घेतली आणि तोरा उतरला. ‘ते आले’ म्हटलं की आदरार्थी पुरुष होतो. ‘ते आलं’ म्हटलं की पंतप्रधानपदावरचा एस्त्रावेन एकदम पोर होतो. खरी अडचण पुढेच होती. काही प्रकरणं एस्त्रावेनच्याच तोंडची आहेत. इंग्रजीतलं ‘आय’ तिथे अगदी मोकळं आहे. मराठीत पहिल्याच वाक्याला प्रश्न: आलो की आले? ‘मी’ला नपुंसकलिंग नाही. वही मिटून ठेवली.

दिवाळीत बहिणीचं लेकरू घरी आलं. वय एकोणीस. वर्षभर ते आमच्याशी इंग्रजीतच बोलत होतं. मी एकदा फोनवर चिडून म्हटलंही होतं, ‘मराठी विसरलीस का?’ उत्तर मिळालं नव्हतं.

या वेळी ते माझ्याशी मराठीत बोलायला लागलं. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. ‘मला भूक लागलीय.’ ‘मी दुपारी येईन.’ ‘ते पुस्तक मी वाचलं.’ ‘माझं आवरून झालं.’ भविष्यकाळ बाईला आणि पुरुषाला सारखाच. ‘वाचलं’ पुस्तकाच्या मागे जातं, वाचणाऱ्याच्या नाही. ‘मला’ म्हटलं की क्रियापद भुकेकडे बघतं. चार दिवसांत एकदाही ‘आले’ नाही, ‘गेलो’ नाही. वीस वर्षं अनुवाद करणारी मी, मला इतकं सफाईनं जमलं नसतं.

मराठी कोणीच विसरलं नव्हतं. त्यात उभं राहायला जागा मिळत नव्हती, एवढंच. आणि माझ्या त्या प्रश्नातच ‘विसरलीस’ होतं.

रात्री ओट्यापाशी दोघंच होतो. मी विचारलं, ‘तुला मी काय म्हणू?’

‘आजी म्हणायची तेच म्हण की मावशी. लेकरू. ते चालतं.’

आई सगळ्याच नातवंडांना लेकरू म्हणायची. त्यात कुणाला कमीपणा वाटल्याचं आठवत नाही. कोकणीत तर मुलीसाठीचा ‘चेडूं’ हा शब्दच नपुंसकलिंगी आहे. हे सगळं मला ठाऊक होतं, फक्त घरात वापरायचं सुचलं नव्हतं.

वही पुन्हा उघडली. एस्त्रावेन आणि आय बर्फाचं पठार ओलांडतात तो भाग घेतला. त्यात चालणं, पडणं, पोहोचणं, म्हणजे सगळी अडचणीचीच क्रियापदं. ‘चाललो’ गेलं, ‘अंतर कापलं’ आलं. ‘पडलो’च्या जागी ‘माझा तोल गेला’. एका पानाला आठवडा लागला. पान लेकराला पाठवलं.

उत्तर आलं: ‘छान झालंय. पण मावशी, खालून चौथ्या ओळीत “थकलो” राहिलंय.’

खरंच राहिलं होतं. आणि ते ‘थकले’ नव्हतं, ‘थकलो’ होतं. इतकी काळजी घेऊनही बर्फातून घसरगाडी ओढणारं माणूस माझ्या मनात पुरुषच होतं. ले ग्विन यांच्या त्या ‘ही’बद्दल आता मी पूर्वीइतक्या ठसक्यात बोलत नाही.

तिथे ‘अंगात त्राण उरलं नाही’ असं केलंय. पान परत पाठवलंय.