काट्याची साक्ष

३ नोव्हेंबर २०११ची दुपार. मँचेस्टरहून आलेलं सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग ७७७ म्युनिकला उतरत होतं. ऑटोपायलट चालू होता, धावपट्टीची मधली रेषा दाखवणारा काटा मधोमध. त्याच धावपट्टीवरून पुढचं एक लहान जेट उडालं आणि टोकाच्या अँटेनांवरून गेलं. बोइंगखाली जमीन काही मीटरवर आलेली असताना ते डावीकडे कललं. वैमानिकांनी पुन्हा वर चढायचं ठरवलं. पण त्यासाठीचं बटण दाबेपर्यंत चाकं टेकली होती, आणि चाकं टेकल्यावर ते बटण काम करत नाही. विमान डावीकडच्या गवतात गेलं, तिथून वळलं, धावपट्टी ओलांडून उजवीकडच्या गवतात थांबलं. कुणालाही इजा झाली नाही.

अँटेना ठणठणीत होत्या. मग काटा चुकला कसा?

लोकलायझरच्या, म्हणजे त्या काट्याला संकेत देणाऱ्या यंत्रणेच्या, या अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असतात. येणाऱ्या विमानाच्या डावीकडे ९० हर्ट्झचा सूर वरचढ, उजवीकडे १५० हर्ट्झचा. दोन्ही सारखे मिळाले की काटा मधे. धावपट्टी त्याला दिसतच नाही, कळतो तो फक्त दोन सुरांतला फरक. वाटेत धातूचं मोठं धूड आलं, की त्यावर आपटून आलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळतात आणि तो फरकच बदलतो. म्हणून दाट धुक्यात विमानांमधलं अंतर वाढवतात, अँटेनांपुढचा पट्टा मोकळा ठेवतात. त्या दुपारी हवा तितकी वाईट नव्हती, त्यामुळे ही बंधनं लागू नव्हती. विमान मात्र स्वयंचलित पद्धतीनेच उतरत होतं. एवढी एक फट पुरली.

या विद्येचा एक जुना धागा जर्मनीतलाच. १९३०च्या दशकात बर्लिनच्या लोरेन्झ कंपनीने वैमानिकाच्या कानात धावपट्टीची वाट घातली: एका बाजूला ठिपके, दुसऱ्या बाजूला रेघा, मधे सलग सूर. १९४०मध्ये याच तत्त्वावरची ‘क्निकेबाइन’ यंत्रणा जर्मन बॉम्बर विमानांना इंग्लंडवर नेऊ लागली. तिचा एक प्रक्षेपक जर्मनीतल्या क्लेव्हला होता. वेगळं यंत्र बसवायची गरज नव्हती, उतरण्यासाठीचा रिसीव्हरच पुरे. ब्रिटिशांनी त्याच लहरींवर खोटे सूर मिसळून वाट बिघडवली. तिथे शत्रूने मुद्दाम केलं, ते म्युनिकला पुढच्या साध्या प्रवासी विमानाने नकळत केलं.

आता ब्रेमेन आणि फ्रँकफर्टला उपग्रहांच्या आधारे उतरण्याची सोय आहे. पण उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोचेपर्यंत फार क्षीण होतो. एस्टोनियातल्या तार्तूला उतरण्याची पद्धत जीपीएसवरच अवलंबून होती. २०२४मध्ये त्यात अडथळे आले आणि फिनएअरला तिथली उड्डाणं महिनाभर थांबवावी लागली.

म्हणूनच ऑटोपायलट विमान टेकवत असतानाही वैमानिकाचे हात कंट्रोलवर असतात. काचेपलीकडे दिवे दिसू लागले, की नजर काट्यावरून उचलून धावपट्टीच्या मधल्या रेषेवर न्यायची. विमान त्या रेषेपासून सरकू लागलं, तर काटा मधे असला तरी सोडून द्यायचा, आणि चाकं टेकायच्या आत.