खाटेची कळ

संत मार्कच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्याची कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. कफर्णहूम येथील त्या घराभोवती एवढी दाटी झाली होती की, चौघांनी आपल्या आजारी सोबत्याला छतावर नेले, छत उसकले आणि त्याला बाजेसकट प्रभू येशूपुढे खाली सोडले. या उताऱ्यावरील प्रवचनांत त्या चौघांच्या श्रद्धेविषयी पुष्कळ ऐकायला मिळते, आणि ते योग्यच आहे. आमचे मन मात्र अलीकडे त्यांच्या हातांपाशी रेंगाळते. बाजेचे चारही कोपरे सारख्याच गतीने खाली यायला हवे होते. एकाचा हात जरा सैल पडला असता, तर तो बिचारा प्रभूच्या चरणांशी पोहोचण्याआधीच कलंडला असता.

आता रुग्णालयातील खाटेला चाके आली आहेत. त्या चौघांचा भार आज चार चाकांनी आणि पायाने दाबायच्या एका कळीने उचलला आहे. त्या कळीचा आम्हाला एकदा विसर पडला. त्यातून जे घडले ते लिहिण्याचा संकोच आम्ही काही वर्षे बाळगला, आता लिहितो.

आमच्या आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती. चौथा दिवस होता. टाके ठणकत होते, पण चेहऱ्यावर तरतरी आली होती. तिची खाट खिडकीपासून थोडी दूर होती. दुपारी बाराच्या देवदूताच्या प्रार्थनेची घंटा तिला ऐकू येई. मात्र चर्चचा मनोरा दिसत नसे. त्या दिवशी ती म्हणाली, "अरे, खाट जरा खिडकीकडे सरकव ना. नुसत्या आवाजाने पोट भरत नाही." आम्ही पायथ्याशी असलेली लाल पट्टी पायाने वर उचलली. खाट हलकेच मोकळी झाली. दोन-अडीच हात सरकवली. आईला मनोऱ्यावरचा क्रूस दिसला. तिने छातीवर क्रुसाची खूण केली आणि आम्ही स्वतःवर खूश झालो. पट्टी पुन्हा खाली दाबायची असते, हे आम्हाला ठाऊक होते. तरी ती दाबायची राहिली.

संध्याकाळी पवित्र माळ म्हणून आम्ही घरी आलो. रात्री आई न्हाणीघरात जाण्यासाठी उठली. कोणाला हाक मारून झोपमोड करायची नाही, हा तिचा जन्माचा स्वभाव. पाय जमिनीला टेकवून तिने मागच्या हाताने खाटेच्या कडेवर भार दिला. खाट मागे सरकली, आणि आई जमिनीवर बसली. टाके सुदैवाने शाबूत राहिले, पण उजव्या हाताचे मनगट मोडले.

सकाळी आम्ही धावत पोहोचलो तेव्हा इन्चार्ज सिस्टर रात्रपाळीच्या मावशींना खडसावत होत्या. "झाडताना ब्रेक काढलात, तर लावता येत नाही का?" मावशी खाली मान घालून उभ्या होत्या. आम्ही चार पावलांवर उभे होतो. एक वाक्य बोलले असते तर पुरे झाले असते. ते वाक्य आमच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. आईने आमच्याकडे पाहिले. तिला सर्व ठाऊक होते. पण मुलाला चारचौघांत उघडे पाडील तर ती आई कसली?

आई घरी आली. प्लास्टर उतरले. माळेचे मणी ती डाव्या हाताने ओढायला शिकली. आमच्या मनातील खडा मात्र विरघळेना. आगमनकाळात प्रायश्चित्त संस्कारासाठी गेलो, तेव्हा इतर चुकांबरोबर ही गोष्टही घाईघाईत सांगून टाकली. धर्मगुरू थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एवढेच विचारले, "त्या बाईंना तुम्ही भेटलात का?" आम्ही नाही म्हणालो. "मग आधी त्यांना भेटा."

नाताळच्या आदल्या आठवड्यात आम्ही रुग्णालयात गेलो. आधी इन्चार्ज सिस्टरना सांगितले, आणि मग त्यांच्यादेखतच मावशींना. मावशी रागावतील अशी आम्ही मनाची तयारी केली होती. त्या म्हणाल्या, "दादा, बोलणी खायची मला सवय आहे. पण तुमच्या आईंचा हात पाहिला आणि तेव्हापासून रोज रात्री मी तेच आठवत बसते. मी तो ब्रेक कधी काढला, कधी विसरले? काही केल्या आठवतच नव्हते."

न केलेल्या चुकीची आठवण ती बाई दोन महिने शोधत होती. आमच्या मौनाने काय केले, ते आम्हाला त्या क्षणी कळले. आम्ही हात जोडले. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला, आता खाट नीट शिकून घ्या. पुन्हा कोणाची तरी सेवा करायची वेळ येईलच." कपाळावरचे ओझे उतरल्यासारख्या त्या झपाझप पुढे निघाल्या. वॉर्डातील एका जुन्या मामांनाही त्यांनी बोलावून घेतले. एका रिकाम्या खाटेपाशी त्या दोघांनी आम्हाला जे दाखवले, ते वाचकांच्याही कामी येईल म्हणून येथे मांडतो.

मामांनी आम्हाला गुडघ्यांवर बसायला लावले. खाटेचे चाक सरळ पायाखाली नसते. पायाच्या मध्यरेषेपासून ते थोडे मागे बसवलेले असते. त्यामुळे खाट ज्या दिशेला ढकलावी, त्या दिशेला चाक आपोआप वळते आणि मागून येते. चारही चाके अशी फिरती असली की, खाट अरुंद जागेत आडवीही सरकते. पण हाच गुण लांब वऱ्हांड्यात दोष ठरतो. जमिनीला किंचित उतार असला, तरी खाट त्या अंगाला भरकटते. वळणावर तिची शेपूट भिंतीवर आदळते, आणि टाके घातलेल्या पोटाला तो धक्का बसतो.

यावर उपाय म्हणजे ती कळ. आमच्या आईच्या खाटेच्या कळीला तीन अवस्था होत्या. लाल बाजू दाबली की ब्रेक. पट्टी आडवी ठेवली की चारही चाके मोकळी. आणि हिरवी बाजू दाबली की खाट 'सरळ' चालते. पट्टीला जोडलेली एक षट्कोनी सळी खाटेखालून चाकांच्या माथ्यापर्यंत जाते. सळी फिरली की चाकाच्या माथ्यातील एक खिळ खाली दाबली जाते. लाल अवस्थेत ती दोन कामे करते: चाकाचे घरंगळणे थांबवते आणि चाकाचे स्वतःभोवती वळणेही थांबवते. ही दोन्ही बंधने आवश्यक आहेत. नुसते घरंगळणे थांबवले, तरी चाक जागच्या जागी वळू शकते, आणि तेवढ्याने खाट दोन-तीन इंच हलते. उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा तोल जायला दोन-तीन इंच पुरेसे आहेत.

हिरव्या अवस्थेत फक्त एका चाकाचे वळणे बंद होते. ते चाक घरंगळत राहते, पण त्याची दिशा ठरलेली असते. बैलगाडीच्या चाकासारखे ते एकाच चाकोरीत धावते, आणि उरलेली तीन त्याच्या मागे-पुढे जुळवून घेतात. ही खिळ तिच्या खाचेत बसण्यासाठी चाक आधी सरळ असावे लागते; म्हणून हिरवी बाजू दाबून खाट दोन पावले नीट पुढे ढकलायची. 'खट्' असा आवाज आला की समजावे, आता ती वाट सोडणार नाही.

सर्वच रुग्णालयांत अशी खाट असते असे नाही. साध्या खाटांना दोनच चाकांवर वेगवेगळे ब्रेक असतात, बहुधा समोरासमोरच्या कोपऱ्यांत. तिथे दोन्ही ब्रेक लावावे लागतात. एकच लावला तर खाट त्या चाकाभोवती दाराच्या बिजागरीसारखी फिरते. मावशींनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाची वाटली. फरशी पुसताना चाकांत केस आणि धागे गुंडाळले जातात, ब्रेक अर्धवट बसतो, पट्टी मात्र खाली दिसते. म्हणून पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही. ब्रेक लावला की कमरेने खाटेला एक हलका धक्का द्यायचा. खाट हलली नाही, तरच रुग्णाला 'उठा' म्हणायचे. ओल्या फरशीवर तर बंद चाकही घसरू शकते. तेव्हा फरशी सुकेपर्यंत थांबायचे.

जुन्या रुग्णालयांत एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला उतार असतात. मामांचा हिशेब साधा होता. बारा फुटांत एक फूट चढणाऱ्या उतारावर खाट आणि रुग्ण मिळून १८० किलो भरले, तर सुमारे १५ किलोंचा भार सतत खाली ओढत राहतो. उतरताना तो हातातून निसटला, तर वेग वाढायला दोन-तीन पावले पुरतात. म्हणून उतारावर दोन माणसे हवीत, एक वर आणि एक खाली. चढताना डोके पुढे आणि उतरताना पाय पुढे. म्हणजे रुग्णाचे डोके नेहमी वरच्या अंगाला राहते. "आणि दादा," मामा म्हणाले, "ढकलताना पेशंटच्या तोंडाकडे बघत राहायचं. त्याला भीती वाटली की आधी डोळ्यांत दिसते."

त्यानंतर आम्ही संत कमिलस यांचे चरित्र पुन्हा वाचले. संत कमिलस (१५५०–१६१४) यांच्या पायाला आयुष्यभर न भरलेली जखम होती, आणि त्याच पायावर उभे राहून त्यांनी रोममधील रुग्णांची सेवा केली. १५९८ च्या नाताळात टायबर नदीला महापूर आला, तेव्हा सांतो स्पिरितो रुग्णालयातील आजाऱ्यांना त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी उचलून वरच्या मजल्यावर नेले. तिथे ना चाके होती, ना कळ. १८८६ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्यांना आणि देवाचे संत जॉन यांना रुग्णांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. आपण त्यांच्या चित्रासमोर मेणबत्ती लावतो. चिखलपाण्यातून आजाऱ्याला नेताना पाऊल कुठे ठेवावे, याचीही त्यांना तेवढीच काळजी घ्यावी लागली असेल, हे आमच्या ध्यानात पूर्वी कधी आले नव्हते.

संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये जागतिक रुग्ण दिन सुरू केला. १९९३ पासून ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणाच्या दिवशी, तो पाळला जातो. आमच्या धर्मग्रामातील मंडळी त्या सुमारास रुग्णालयात फळे घेऊन जातात. आम्हीही जातो. प्रार्थना होते, गाणी होतात. बाकीचे उशाशी उभे राहतात तेव्हा आम्ही पायथ्याशी जातो आणि खाटेला कमरेने एक हलका धक्का देऊन पाहतो. सोबतची तरुण मुले गालातल्या गालात हसतात. हसू देत. मागच्या वर्षी त्यांतल्याच एका मुलीने एका खाटेचा सुटलेला ब्रेक आमच्या आधी दाबला आणि काही न बोलता पुढच्या खाटेकडे गेली.

मावशी आता निवृत्त झाल्या आहेत. नाताळात आम्ही त्यांच्या घरी कुसवार पाठवतो, आणि दिवाळीला त्यांच्याकडून करंज्यांचा डबा येतो. आईचे मनगट थंडीच्या दिवसांत अजून दुखते. माळ म्हणताना ती मधूनच ते चोळते. आम्ही समोर असलो, की हात पदराखाली घेते.