उजव्या कानातला पखवाज

सप्ताहाच्या डीव्हीडीतलं चित्र आम्हाला नकोच होतं. २००९ सालचं शूटिंग, मांडवात हॅलोजनचा उजेड, चेहरे पिवळे पडलेले, मधूनच फिरणाऱ्या फुलांचे इफेक्ट. आवाज मात्र खणखणीत. त्या सप्ताहात पखवाजावर माझे मामा होते. आता ते नाहीत, आणि त्यांच्या हाताचं दुसरं रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही. त्यांचा नातू सध्या पखवाज शिकतोय. दिवाळीत घरी गेले तेव्हा तो म्हणाला, "आत्या, आबांचं वाजवणं मला नुसतं ऐकायचंय. सावकाश लावून, परत परत." एवढ्यासाठी दर वेळी टीव्ही लावून बसणं शक्य नव्हतं. तबकडीतला आवाज तेवढा वेगळा काढायचा होता.

टीव्हीसमोर मोबाइल धरून रेकॉर्ड कर, असं घरातल्या कुणीतरी सुचवलं. मी साफ नाही म्हटलं. एमपी३ करून टाक, हा दुसरा सल्ला. तोही मला पटला नाही, आणि त्याला कारण आहे. डीव्हीडीवरचा आवाज बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटल, म्हणजे एसी३ पद्धतीने आधीच दाबून बसवलेला असतो. त्याचा पुन्हा एमपी३ केला की तो दुसऱ्यांदा झिजतो. गाण्याच्या आवाजात हे पटकन कळत नाही, पण टाळ आणि पखवाज यांच्यात लगेच कळतं. थाप एकदम पडते. दाबलेल्या फाइलमध्ये त्या थापेच्या आधीच एक बारीक सळसळ सुरू होते आणि तिची धार जाते. टाळांचा झणत्कार पाणचट होतो. शिकणाऱ्या पोराला तर नेमकी ती धारच ऐकायची होती. म्हणून ठरवलं: आवाज आहे तसा उचलायचा, एका बिटालाही हात लावायचा नाही.

हे काम फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर उत्तम होतं. हँडब्रेक मी नेहमी वापरते, पण ते चित्राशिवाय फाइल देत नाही. व्हीएलसीमधून आवाज काढता येतो, मात्र त्यातले तयार पर्याय आवाज नव्याने दाबतात. मला हवं तेच करतं ते एफएफएमपेग. त्याला बटणं नाहीत, खिडकी नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची. चित्र सोड, आवाज घे, आणि 'कॉपी' कर. हा 'कॉपी' शब्द सगळ्यात महत्त्वाचा. तो लिहिला की एफएफएमपेग आवाज उलगडून पुन्हा बांधत नाही, आहे तसा उचलून नव्या फाइलीत ठेवतं.

त्याआधी तबकडी नीट वाचली जायला हवी होती. इतकी वर्षं ती देवघराच्या कपाटात कागदी पाकिटात होती आणि कडेला ओरखडे पडले होते. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली. गोल गोल पुसलं तर नवा ओरखडा ट्रॅकच्याच दिशेने जातो आणि वाचणं आणखी अवघड होतं. मग जीएनयू डीडीरेस्क्यू लावलं. हे सॉफ्टवेअर मला फार आवडतं, कारण ते अडलेल्या जागी डोकं आपटत बसत नाही. आधी चांगला भाग सगळा उचलून घेतं, अडलेल्या जागांची नोंद एका फाइलीत ठेवतं आणि शेवटी तेवढ्याच जागांकडे परत येतं. माझ्या ड्राइव्हला शेवटचा थोडा भाग वाचता येईना. शेजाऱ्यांकडचा जुना बाहेरचा ड्राइव्ह आणला, तीच नोंदीची फाइल पुढे चालू ठेवली, आणि राहिलेला भाग त्याने वाचून दिला. तबकडीची पूर्ण प्रतिमा हार्ड डिस्कवर आली तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं. आता तबकडी फुटली तरी चालणार होतं.

डीव्हीडीत 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर असतो. त्यातल्या व्हीओबी फाइलींमध्ये चित्र आणि आवाज एकत्र विणलेले असतात, आणि एक व्हीओबी फाइल १ जीबीपेक्षा मोठी नसते. त्यामुळे दोन तासांचं भजन सलग असलं तरी त्याचे तुकडे पडतात. शून्य क्रमांकाची फाइल मेनूची, ती सोडायची. बाकीच्या आधी एकमेकींना जोडायच्या आणि मगच आवाज काढायचा. कारण एसी३ आवाज १५३६ नमुन्यांच्या चौकटींत असतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला एक चौकट ३२ मिलिसेकंदांची. फाइलीचा तुकडा चौकटीच्या मधोमध पडू शकतो. तुकडे वेगवेगळे काढून नंतर चिकटवले तर तिथे 'टक्' होतं किंवा एक चौकट गळते. भाषण असेल तर चालून जाईल. भजनी ठेक्यात नाही चालत, मात्रा हलते.

एफएफएमपेगने काम उरकायला चहा उकळण्याइतकाही वेळ घेतला नाही. चार जीबीच्या तबकडीतून आवाजाची फाइल निघाली साधारण २३० एमबीची: सेकंदाला २५६ किलोबिट, दोन चॅनेल.

खरी गंमत ऑडॅसिटीत ती फाइल उघडल्यावर कळली. (ऑडॅसिटीला एसी३ वाचता यावं म्हणून एफएफएमपेगची लायब्ररी वेगळी बसवावी लागते.) वरच्या आणि खालच्या पट्टीतल्या लाटा एकसारख्या नव्हत्या. हेडफोन लावला आणि एकेक बाजू बंद करून ऐकलं. डाव्या कानात बुवांचा आवाज आणि पेटी, अगदी जवळून. उजव्या कानात सगळा मांडव: टाळकरी, कुणाचं तरी खोकणं, आणि समोर मामांचा पखवाज. शूटिंगवाल्याने एका चॅनेलला साउंडवाल्याच्या मिक्सरची लाइन घेतली होती आणि दुसऱ्याला कॅमेऱ्याचाच माइक ठेवला होता. कॅमेरा पखवाजाच्या बाजूला होता. टीव्हीवर दोन्ही एकत्र वाजायचे, त्यामुळे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

उजवी बाजू तेवढी वेगळी केली, फ्लॅकमध्ये ठेवली आणि पोराला दिली. ऑडॅसिटीत 'चेंज टेम्पो' आहे. त्याने पट्टी तीच राहते आणि लय उतरते. तीस टक्के उतरवून आम्ही दोघं रूपाचा अभंग ऐकत बसलो. बुवा चाल बदलतात तिथे मामा उठाण घेण्याआधी डाव्या पुडीवरचा, कणकेचा घुमारा किंचित दाबून धरतात. लयीत ऐकताना तिथे नुसता जोर जाणवतो. सावकाश ऐकल्यावर दिसलं की तळहात पुडीवरून उचललाच जात नाही, घासून पुढे सरकतो. पोराने तिथेच थांबवलं, मांडीवर हात ठेवून तसं करून पाहिलं आणि म्हणाला, "गुरुजी हेच सांगतात, पण मला कळत नव्हतं." मग ती जागा त्याने इतक्यांदा लावली की मामी आतून बाहेर आल्या आणि दारातच बसून ऐकू लागल्या.

बऱ्याच फोनवर एसी३ फाइल वाजत नाही, म्हणून नातेवाइकांसाठी एमपी३ प्रत काढली. आता ती काढायला माझी हरकत नव्हती, मूळ शाबूत होतं. बुवांना फोन करून विचारलं. त्यांनी आनंदाने परवानगी दिली आणि आपल्यालाही एक प्रत मागितली. तबकडीची प्रतिमा, मूळ एसी३ आणि वेगळी केलेली उजवी बाजू असं सगळं दोन हार्ड डिस्कवर आहे. एक माझ्याकडे पुण्यात, एक मामेभावाकडे गावी. फाइलींच्या नावात साल, सप्ताहाचा दिवस आणि पखवाजावर कोण ते लिहिलंय.

गावात अशा तबकड्या घरोघर आहेत: काकड्याच्या, हरिपाठाच्या, काल्याच्या कीर्तनाच्या. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह येत नाहीत आणि जुन्या तबकड्यांवरचा रंगाचा थर उतरत चाललाय. मंदिरात सांगून ठेवलंय, की मी चैत्रात येतेय, ड्राइव्ह घेऊन येतेय. ज्यांच्याकडे असतील त्यांनी काढून ठेवा, पुसू नका, स्टिकर ओढू नका, तशाच आणा.