पीळ सोसणारा

गळीत हंगामाची सुरुवात. परतीच्या पावसानं कृष्णाकाठचं काळं रान अजून वापशावर आलेलं नाही. कराडकडून वाळव्याच्या दिशेनं जाताना उसाच्या फडात भरलेल्या दोन ट्रॉल्या रुतलेल्या दिसतात. पुढं साखळी लावलेला दुसरा ट्रॅक्टर. सगळ्यांचे कान इंजिनाकडं, डोळे ड्रायव्हरच्या क्लचवरच्या पायाकडं. ज्याच्या जिवावर हे चाललंय तो एक्सल हाऊसिंगच्या आत, अंधारात, तेलात असतो. पाय क्लचवरून एकदम सुटला की सगळा हिसका त्याला बसतो.

ह्या मातीनं लोखंडाची परीक्षा घेणं जुनंच आहे. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर ह्याच खोऱ्यात घडू लागला.

ट्रॉलीचा आस आणि ट्रॅक्टरचा एक्सल एकाच कुळातले, पण स्वभाव वेगळे. ट्रॉलीचा आस बैलगाडीच्या आसाचा वारस. तो जागचा हलत नाही, चाकंच त्याच्याभोवती फिरतात. त्याला फक्त ओझं पेलायचं असतं. ट्रॅक्टरचा एक्सल ओझं पेलतो आणि चाकही फिरवतो, त्यामुळं वाकणं आणि पिळणं दोन्ही त्याच्या वाट्याला. मोठ्या डंपरच्या फुल फ्लोटिंग रचनेत गाडीचं वजन हबच्या बेअरिंगांमधून हाऊसिंगवर जातं आणि एक्सलकडं नुसता पीळ उरतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं. ओझंही एक्सलवरच असतं त्या सेमी फ्लोटिंगमध्ये तुटलेला तुकडा चाकासकट बाहेर येऊ शकतो, आणि घाटात तसं झालं तर काय होईल हे सांगायला नको. दोन एक्सलांची तुलना करताना म्हणून मी आधी विचारतो, ह्याच्या डोक्यावर ओझं कसलं?

जाडीचा प्रश्न त्यानंतर. पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३५ मिलिमीटरच्या जागी ४० मिलिमीटर घेतला, तर त्याच पोलादात ती जवळजवळ दीडपट होते. लेथवर जाड सळई कातून घ्यायचा मोह ह्यातूनच होतो. पण सळई कसली? ईएन-८ हे सुमारे ०.४ टक्के कार्बनचं साधं पोलाद. ईएन-२४ मध्ये निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असतं, आणि नीट पाणी दिलं तर ते कितीतरी जास्त सोसतं. चांगल्या एक्सलची कातडी कडक असते, गाभा चिवट. थोडा पिळतो आणि भार उतरला की पुन्हा सरळ होतो, हा त्याचा खरा गुण. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. एक्सलचा पीळ मात्र गेलाच पाहिजे. जो राहिला, तो घात करणार. तुटलेल्याला वेल्डिंग करून पुन्हा बसवलेला पाहिला की माझ्या पोटात कालवतं. त्या आचेनं सांध्याजवळच्या पोलादाचं पाणी उतरलेलं असतं, आणि त्याच्या जवळच माणूस बसलेला असतो.

कराडजवळच्या एका गॅरेजात तुटलेला एक्सल बाकावर ठेवला होता. मिस्त्रींनी कापडानं त्याचं तुटलेलं तोंड पुसलं. शिंपल्यावर असतात तशा कमानी एकीपुढं एक सरकत गेलेल्या, आणि उरलेला भाग खरबरीत. भेग जुनी होती. स्प्लाइनच्या सरळ खाचाही तिरक्या झालेल्या.

“दादा, ह्यो एकदम न्हाई तुटला,” ते म्हणाले. “लई दिस सांगत हुता. उघडून कुणी बघितलंच न्हाई.”

नवा एक्सल त्यांनी दोन्ही हातांनी उचलून फळीवर आडवा ठेवला. बसवण्याआधी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली आणि ट्रॅक्टरच्या मालकाला म्हणाले, “हंगाम संपून पट्टा पडला की गाडी आणा. खोलून बघू, रेघ सरळ ऱ्हायलीया का.”