पाथर्डी ते महाबळेश्वर : एसटीने, सहकुटुंब

आपल्याकडे सगळ्या घराने मिळून सफर करायची म्हटली की लग्न, दवाखाना किंवा कुणाचा इंतकाल, एवढीच कारणं असतात. थंड हवेच्या ठिकाणी तरुण मंडळी मित्रांबरोबर जाऊन येतात, मुलं शाळेच्या सहलीत जातात. बायका आणि वडीलधारी माणसं मात्र घरीच राहतात. ‘त्यांना कुठं झेपणार?’ एवढं म्हटलं की विषय संपतो. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन घरची अकरा माणसं महाबळेश्वरला जाणार आहोत, तेही एसटीने. सगळ्यांत आधी ठरवलं ते हे, की सर्वांत थकलेल्या माणसाला झेपेल तोच बेत. आमच्यात ती व्यक्ती म्हणजे शहात्तर वर्षांच्या अम्मी.

एसटीच का, असं अनेकांनी विचारलं. त्याचं उत्तर हिशेबात आहे. आमच्यात तीन पुरुष, चार बायका, अम्मी, अडुसष्ट वर्षांचे चाचा आणि नऊ व अकरा वर्षांची दोन मुलं आहेत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. म्हणजे पुरुषांची तीन, बायकांची मिळून दोन, चाचांचं अर्धं आणि दोन मुलांचं मिळून एक. अकरा माणसांची तिकिटं झाली साडेसहा! आरक्षणाचा आकार तेवढा वेगळा. पूर्वी ‘खर्च वाढतो’ म्हणून ज्यांना मागे ठेवत होतो, आता त्यांच्यामुळेच खर्च कमी होतो. सवलतीसाठी प्रत्येकाने आपलं आधार कार्ड मात्र जवळ ठेवायला हवं.

एसटीशी आपल्या जिल्ह्याचं नातंही जुनं आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती पुणे आणि नगर यांच्या दरम्यान. आम्ही पुण्याला जाणार तो रस्ता तोच.

अंतर साधारण २९० किलोमीटर. पाथर्डी ते नगर पन्नासेक, नगर ते पुणे १२०, पुढे वाईपर्यंत नव्वदच्या आसपास आणि वाईहून वर महाबळेश्वर ३२. वाटेत करंजी, कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे चार घाट लागतात. अंतरापेक्षा अवघड आहे तो पुण्यातला बदल. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या पिवळ्या पोस्ट बसचं वेळापत्रक रेल्वेशी जुळवलेलं असतं. आगगाडीतून उतरलं की बस उभी. आपल्याकडे दोन गाड्यांमधला सांधा आपणच जुळवायचा असतो.

नगरकडून येणाऱ्या शिवाजीनगरच्या गाड्या डिसेंबर २०१९ पासून मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीच्या स्थानकात थांबू लागल्या. महाबळेश्वरची गाडी मिळते स्वारगेटला. मध्ये सगळं पुणे शहर! सामान, मुलं आणि अम्मींना घेऊन भर गर्दीतून रिक्षाने जायचं म्हणजे तिथेच निम्मी ताकद संपते. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत पोहोचल्याने हे काम सोपं झालं आहे. वाकडेवाडीहून शिवाजीनगर मेट्रो स्थानकापर्यंत रिक्षा आणि तिथून जमिनीखालून थेट स्वारगेट. स्थानकात लिफ्ट आहे, त्यामुळे अम्मींना जिने चढावे लागणार नाहीत. मुलांना तर महाबळेश्वरच्या आधी या मेट्रोचीच ओढ लागली आहे.

वेळेची आखणी अशी केली आहे. सकाळी सहाला पाथर्डी सोडायची. थेट पुण्याची गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर नगरला बदल. नगरमध्ये माळीवाडा, तारकपूर आणि पुणे बसस्थानक अशी तीन ठिकाणं आहेत, म्हणून पुढची गाडी कुठून सुटते ते आधीच विचारून ठेवायचं. साडेअकरापर्यंत पुणे, साडेबारापर्यंत स्वारगेट. तिथे जुहरची नमाज आणि जेवण उरकून सव्वा-दीडची आरक्षित गाडी. आपण मुसाफिर, त्यामुळे जुहरच्या चार फर्जऐवजी दोनच रकाती. दीनने दिलेली ही सवलत घाईच्या सफरीत मोठी राहत वाटते. पाचच्या सुमारास महाबळेश्वर, म्हणजे असर मुक्कामी आणि मगरिबच्या आत सामान खोलीत. पसरणीचा घाट उजेडी चढायचा, ही आमची अट आहे. घाट नजरेला दिसावा म्हणूनही आणि गाडी रखडलीच तर हाताशी तासभर असावा म्हणूनही.

आणखी एक गोष्ट, जी पुरुषांच्या बेतात कधी येत नाही. सफरीत आपल्या बायका पाणी पीत नाहीत. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. म्हणून गाडी बदलण्याच्या प्रत्येक ठिकाणी आम्ही पंधरा-वीस मिनिटं खास यासाठी ठेवली आहेत. पुरुषांनी तेवढा वेळ सामान आणि मुलं सांभाळायची. घाट लागणाऱ्यांसाठी पुढची बाकडी, सकाळी हलका नाश्ता आणि खिशात आल्याचा तुकडा. शिदोरीला बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि खजूर.

महाबळेश्वरला तीन मुक्कामांत काय पाहायचं? सारे पॉइंट उरकायचे नाहीत, हे पक्कं. एसटीची ‘महाबळेश्वर दर्शन’ गाडी तिथल्या स्थानकावरून सुटते. ती त्या दिवसांत चालू आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारायचं. अम्मींसाठी वेण्णा तलावाचा काठ आणि बॉम्बे पॉइंटचा सूर्यास्त पुरेसा आहे. केट्स पॉइंटवरून कृष्णेचं खोरं दिसतं. लिंगमळ्याची उतरण तरुणांसाठी. खोली बाजाराजवळ, मशीद रोडच्या आसपास पाहिली आहे. जेवण आणि नमाज दोन्ही पायी जमतं. तिसरा मुक्काम पाचगणीत, म्हणजे परतीचा रस्ता तेवढाच कमी. पाचगणीच्या वाटेवरच भिलार आहे. मे २०१७ पासून हे ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून ओळखलं जातं. तिथे घराघरांत मराठी पुस्तकं मांडली आहेत. हवं ते काढून वाचत बसायचं, पैसे पडत नाहीत. आम्ही शिक्षक माणसं, आमचा जीव तिथेच जास्त रमेल.

आमच्या दुष्काळी भागातल्या मुलांनी हे डोंगर का पाहावेत, याचंही कारण आहे. नगर जिल्ह्यात वर्षाला सहाशे मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर पडतो. तिथे कृष्णा उगम पावते. आपल्या नगरची सीना भीमेला मिळते आणि भीमा पुढे रायचूरजवळ त्याच कृष्णेला. भूगोलाच्या पुस्तकात ही एक ओळ असते. मुलांनी ती उगमापाशी उभं राहून समजून घ्यावी.

दिवाळीनंतरचे पहिले चार दिवस आणि शनिवार-रविवार आम्ही टाळले आहेत. गर्दी कमी, खोल्या स्वस्त. तेव्हा स्ट्रॉबेरीचा भर नसेल, पण हवा छान असेल. जाण्या-येण्याची आरक्षणं एकदमच करणार आहोत, कारण सुट्टी संपताना परतीची जागा मिळणंच अवघड असतं.

बेत सांगितला तेव्हा अम्मी आधी म्हणाल्या, “तुम्ही जा बाळांनो, मी घर सांभाळते.” आम्ही कागद पुढे केला आणि कुठे बसायचं, कुठे जेवायचं, कुठे वुजू करायचा, सगळं वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा ऐकलं आणि विचारलं, “तिथं थंडी किती असते? शाल एक घेऊ की दोन?”

आम्ही सांगितलं, दोन.