यंत्रांचा वॉल्ट्झ, दर्याचा शिमगा

माघ सरत आला की नवापूरच्या किनाऱ्याला शिमग्याची चाहूल लागते. याच दिवसांत मला योहान स्ट्राउसचा ‘अ‍ॅक्सेलरेशनेन’ हा वॉल्ट्झ ऐकावासा वाटतो. त्याच्या ‘निळ्या डॅन्यूब’ची कीर्ती याच्या वाट्याला आली नाही, तरी माझ्या गावात मला हाच अधिक जवळचा.

१८६० चा फेब्रुवारी. व्हिएन्नात कार्निव्हल रंगात आला होता. उपासाचे दिवस लागण्याआधी ते शहर रात्र रात्र नाचून घेई. वकिलांचा नाच वेगळा, डॉक्टरांचा वेगळा, आणि ज्याला त्याला आपल्यासाठी बांधलेली नवी धून हवी असे. १४ फेब्रुवारीला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा नाच सोफियनबाडच्या सभागृहात होता. उन्हाळ्यात तिथे लोक पोहत; हिवाळ्यात तलावावर फळ्या पडत आणि नाचाला जागा होई. त्या पोरांसाठी ३४ वर्षांच्या स्ट्राउसनं यंत्राचीच चाल सुरांत धरली. सुरुवातीचे सूर जड, थबकत येतात. मग त्यांच्यातलं अंतर आटत जातं, वेग चढतो आणि चाक सुटावं तसा नाच गरगरू लागतो.

कार्निव्हलही चंद्राच्याच हिशेबानं येतो. वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी ईस्टर, त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार आणि त्याच्या आदल्या दिवसापर्यंत हा जल्लोष. म्हणून बहुतेक वर्षी तो होळीच्या पंधरवडाभर आधी सरतो. तिकडचा नाच थांबतो आणि इकडे ढोलकी तापते. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, आमची कोळीगीतं बहुधा सहांची. दोन्हींत अंग आपसूक डोलतं.

त्या गीतांत होडी आहे, जाळं आहे, म्हावरं आहे, वाट पाहणारी घरधनीण आहे. मच्छीमारांनी आपल्या कष्टाला सूर दिला. पण गावामागे बोईसरची औद्योगिक वसाहत आहे आणि १९६९ पासून वीज देणारं तारापूरचं अणुकेंद्र आहे. तिथे रात्रपाळी करणाऱ्यांचं गाणं कुठं आहे? शिमग्याला ही पोरं दर्याच्या गाण्यांवर मनापासून नाचतात, पण त्यांच्या स्वतःच्या हातांचं काम त्या गाण्यांत येत नाही.

व्हिएन्नातल्या त्या विद्यार्थ्यांना एका हंगामापुरती का होईना, स्वतःची धून मिळाली आणि ती आजही वाजते. ढोलकीवाले आमच्याकडे आहेत, तारपा फुंकणारे वारली वादक याच जिल्ह्यात आहेत. पाळीवरच्या माणसाचा ठेका त्यांनी एकदा शिमग्यासाठी बांधावा. ज्या कामावर घरं चालतात, त्या कामावर नाचण्याचाही माणसाला हक्क आहे.