मामाचं रान आणि एक नॅनोमीटर

‘नॅनो’ म्हटलं की आपल्याला परदेशातली लॅब आठवते. २००४ साली मँचेस्टरमध्ये ग्राफीन वेगळं केलं, २०१० ला त्याचं नोबेल मिळालं, हे सगळ्यांना पाठ. पण आपली मराठवाड्यातली काळी माती बरीचशी मॉन्टमोरिलोनाइटसारख्या खनिजाची, म्हणजे एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांची. एकेक पापुद्रा जेमतेम १ नॅनोमीटर जाड! आणि आपण तो चपलेला लागला म्हणून झटकतो.

मी यात पडले ती मामामुळे. पैठण तालुक्यात त्याचं दोन एकर रान आहे. बोअरचं खारं पाणी देऊन देऊन त्यातलं अर्धं चोपण झालं. (कॉन्व्हेंटच्या कृपेने ‘चोपण’ हा शब्दच मला विसाव्या वर्षी कळला.) पाणी वर साचतं, मुरत नाही, वाळलं की ढेकूळ दगडासारखं. मामा विकायला निघाला होता. म्हणाला, “इंजिनिअर होणार ना तू? मग सांग, जिप्समनी रान येईल का नाही?”

गंमत म्हणजे उत्तर स्क्रीनिंगमध्ये आहे. पापुद्र्यात काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, म्हणून त्याच्यावर ऋण प्रभार. शेजारचे पापुद्रे एकमेकांना ढकलणार, पण मधले धन आयन त्या प्रभारावर पडदा टाकतात. कॅल्शियमवर दोन प्रभार, त्याचा पडदा घट्ट. सोडियमवर एकच. सोडियम वाढलं की पापुद्रे फुगून सुटे होतात आणि मातीची छिद्रं बुजवतात. अदलाबदल होणाऱ्या आयनांत सोडियम १५ टक्क्यांवर गेलं की जमीन चोपण धरतात.

मग पाण्याचं काय? मोकळ्या पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ८० च्या आसपास, म्हणजे प्रभारांमधलं बल तेही भरपूर कमी करतं. पण २०१८ साली मँचेस्टरच्याच लोकांनी ग्राफाइट आणि बोरॉन नायट्राइडच्या थरांमध्ये नॅनोमीटरभर फटीत पाणी कोंडून मोजलं, तर थरांच्या आडव्या छेदात तो २ च्या जवळ आला! दाटीत रेणूंना वळताच येत नाही. मातीच्या फटीतही पाण्यापेक्षा आयनवरच भिस्त असणार, असं मला वाटतं.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. कॅल्शियम आत बसतं, सोडियम बाहेर पडतं; पण बाहेर पडलेलं सोडियम वाहून जायला वाट हवी. चर नसेल तर ते तिथेच राहणार, आणि तेच बोअर चालू ठेवलं तर पैसे मातीत. मामाला मी एवढंच सांगितलं: आधी माती आणि पाणी दोन्ही तपास, मग चर, मग जिप्सम, तेही पावसाच्या तोंडावर.

तपासणीचे कागद आले. बोअर बंद आहे, चर अर्धा खणून झालाय, आणि गिऱ्हाइकाला मामाने दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय.